पडद्याला मोटर लावायच्या आधी एकदा हुकवाला काटा लावून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात बावधनला सातवा मजला, हॉलची दहा फुटी स्लायडिंग थेट पश्चिमेला, एक इंची स्टीलच्या पाइपवर रिंगचे जाड पडदे, दुपारी घरात आई एकट्या आणि त्यांचा उजवा खांदा धरलेला, त्यामुळे त्यांना पडदा ओढवत नाही आणि चार वाजेपर्यंत हॉलची भट्टी होते. ऑनलाइन तो रॉडवर बसणारा छोटा रोबो बघितलात, पडदेवाल्याने त्याच्या कितीतरी पट किमतीचा मोटरवाला ट्रॅक सांगितला, आणि आता विचारताय की यातलं कुठलं घेऊ आणि दोन्ही बेडरूमचंही आत्ताच करून टाकू का.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. वडिलांचं पडदे आणि सोफा कव्हर शिवायचं दुकान होतं, मी गेली अकरा वर्षं ट्रॅक, ब्लाइंड आणि मोटरी बसवतोय. म्हणजे मोटर विकली गेली तर माझा फायदाच आहे, तरी सांगतो की तुमचा प्रश्न निम्मा मोटरचा आहेच नाही. आईंना पडदा जड का जातो हे आधी बघा. कारण जो पडदा त्यांना जड जातो तो मोटरलाही जड जातो, फक्त मोटर तक्रार न करता सहा महिन्यांनी बसते.

लोकांना वाटतं पडदा जाड म्हणजे वजनदार, म्हणून ओढवत नाही. हिशोब करून बघा. दहा फूट दार, दुप्पट चुण्या म्हणजे वीस फूट कापड, उंची साडेसात फूट, झाले दीडशे चौरस फूट म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. ब्लॅकआऊट कापड चौरस मीटरला ३०० ग्रॅम धरलं तर सव्वाचार किलो, अस्तर धरून पाच-सहा किलो, आणि ते दोन पल्ल्यांत वाटलेलं. म्हणजे एका बाजूला तीन किलो. बाजारातून भाजीची पिशवी आणतो त्यापेक्षा कमी. खरी भानगड घर्षणाची आहे. रिंगच्या पडद्यात धातूची किंवा प्लॅस्टिकची रिंग पाइपवर घासत जाते, चाक वगैरे काही नसतं, आणि आपण पडदा धरतो छातीच्या उंचीवर, म्हणजे ओढ खालून तिरकी लागते, पहिली रिंग वाकडी होते आणि पाइपला चावते. मग आपण अजून जोर लावतो, ती अजून चावते.

बॅग मोजायचा हुकवाला वजनकाटा असतो ना, विमानाने जाताना वापरतो तो, तो घ्या. स्टुलावर तुम्ही चढा, आईंना चढवू नका, पडद्याच्या पुढच्या कडेला अगदी वर एक मोठी सेफ्टीपिन अडकवा, त्यात हुक घाला आणि पडदा सावकाश ओढा. मग तोच प्रयोग खालून, आई जिथे धरतात तिथून करा. माझ्या अनुभवात वरून ओढल्यावर एक-दीड किलोच्या आत काटा राहिला तर पडदा निरोगी आहे. खालून ओढल्यावर तोच आकडा दुप्पट झालेला मी बऱ्याच घरांत बघितलाय. आणि मधेच एका ठिकाणी काटा एकदम उडी मारत असेल तर तिथे पाइपला जोड आहे किंवा पाइप मधे झोल खाऊन वाकलाय, दहा फुटाला मधला आधार नसेल तर हे होतंच.

आता स्वस्तातला उपाय. पाइप खाली काढून सुक्या फडक्याने पुसायचा, वरच्या बाजूला पांढरी मेणबत्ती घासायची नाहीतर सिलिकॉन स्प्रे मारायचा (खोबरेल तेल नको, दोन आठवड्यांत धूळ धरून चिखल होतो, आणि बावधन-बाणेरकडच्या बांधकामाच्या धुळीबद्दल मी वेगळं सांगायला नको). आणि पडद्याच्या पुढच्या रिंगला मागच्या बाजूने तीन-साडेतीन फुटी काठी अडकवायची, ॲक्रिलिकची मिळते, नसेल तर सुताराकडून गोल लाकडी करून घ्या आणि टोकाला हुक मारा. काठी धरून माणूस नुसता चालत गेला की पडदा येतो, हात खांद्याच्या वर न्यावाच लागत नाही, आणि ओढ बरोबर रिंगपाशी लागते. कोथरूडच्या एका काकूंकडे मी मोटरचं माप घ्यायला गेलो होतो आणि काठी लावून परत आलो, मोटर गेली ती गेलीच. तुमच्या आईंना एवढ्याने पुरेल का ते मला इथे बसून सांगता येणार नाही, खांदा किती धरलाय आणि त्यांना उठून दारापर्यंत जायला त्रास होतो का यावर आहे. पण आधी हे करा, दोन आठवडे वापरू द्या, कारण यात पैसे जवळजवळ लागतच नाहीत.

पुरलं नाही तर मग मोटर. तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी आधी तो रोबो घेऊ.

स्विचबॉट, आकारा वगैरे कंपन्यांचे हे डबे असतात, पडदा बदलायचा नाही, रॉड बदलायचा नाही, डबा पडद्याच्या मागे पुढच्या रिंगेजवळ रॉडवर लटकवायचा, त्याचं रबरी चाक रॉडला धरून चालतं आणि पडद्याला ढकलत किंवा ओढत नेतं. आत बॅटरी, टाइप सी ने चार्ज. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी हेच सांगतो, भिंतीला भोक नाही, सोडून जाताना काढून न्या. पण तुमच्या केसमध्ये चार गोष्टी बघाव्या लागतील. मधून उघडणारे दोन पल्ले आहेत म्हणजे दोन डबे लागतील, किंमत दुप्पट धरा. पाइप एकात एक सरकणारा, म्हणजे लांबी कमी-जास्त करायचा असेल तर जाड आणि बारीक पाइपच्या जोडावर पायरी असते, डबा तिथे अडकतो. त्यासाठी पट्टी मिळते, ती कधी चालते कधी सुटते. पाइप आणि वरचं छत किंवा पेलमेट (रॉड झाकणारी पेटी) यात डब्याचा हुक जायला जागा हवी. आणि चौथी गोष्ट कोणीच सांगत नाही, तुम्ही आत्ता पाइपला मेण लावलंत ना, रोबोचं चाक त्याच्यावर घसरणार. हाताने ओढायला पाइप गुळगुळीत हवा आणि रोबोला पकड हवी, दोन्ही एकाच पाइपवर जमत नाही. म्हणजे काठीवरून रोबोवर जायचं ठरलं तर पाइपवरचं मेण आधी नीट पुसून काढा.

शिवाय चार्जिंग. कंपन्या सात-आठ महिने सांगतात, जाड पडदा आणि रोज चार फेऱ्या असतील तर तेवढी टिकत नाही. मग स्टुलावर चढून डबा काढायचा किंवा लांब वायर न्यायची. हे काम आई एकट्या असताना आलं तर? पश्चिमेची काच आहे म्हणून सोलरची छोटी पट्टी लावता येते आणि ती बऱ्यापैकी चालते, पण ती काचेला आणि पडद्याच्या मागे, म्हणजे सातव्या मजल्यावर दिसायला ठीक, तुमच्या मनाला चालते का ते तुम्ही बघा. बेडरूमच्या चार-पाच फुटी खिडकीला रोबो मला पटतो, दहा फुटी हॉलच्या दाराला रिंगच्या पडद्यावर नाही पटत. मी स्वतः दोन घरांत हट्टाने बसवले होते आणि दोन्हीकडून परत काढून आणलेत.

ट्रॅकचा प्रकार वेगळा. ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्या आत बेल्ट, एका टोकाला मोटर उभी लटकते साधारण फूटभर लांबीची, बेल्ट पुढच्या रनरला (पडद्याचा हुक अडकतो ती चाकवाली गोटी) ओढतो आणि बाकीचे रनर चाकांवर मागे येतात. चाकांवर आहे म्हणून मोटरवर चाळीस-पन्नास किलो लिहिलेलं असतं त्यात नवल काही नाही, ते उचलायचं वजन नाही, लोटायचं आहे. तुमचे सहा किलो तिच्या खिजगणतीतही नाहीत. त्यामुळे पडदेवाला 'जास्त ताकदीची मोटर' म्हणून महागातली गळ्यात मारायला लागला तर हसून सोडून द्या. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: लाईट नसताना हाताने ओढता येतो का, हाताने थोडा ओढला की पुढचा मोटर स्वतः ओढते का, आणि रिमोट वायफायशिवाय चालतो का. तिन्हीला हो हवं. बऱ्याच चांगल्या मोटरींना हे असतंच, पण दुकानात करून दाखवायला लावा, तोंडी हो वर जाऊ नका.

आता ट्रॅकमध्ये खर्च कुठे लपलेला असतो ते. रिंगचा पडदा ट्रॅकवर बसत नाही. वरची रिंगांची पट्टी कापून टेप लावून हुकवाल्या चुण्या शिवाव्या लागतात, त्यात तीन-चार इंच उंची जाते. आणि ट्रॅक बहुतेक वेळा पाइपपेक्षा वर, छताला जातो, म्हणजे अजून काही इंच कमी. असं करत करत पडदा जमिनीपासून वीतभर वर लटकतो, आखूड झालेल्या पँटसारखा. खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडता येते, चांगल्या शिंप्याकडे ती मुद्दाम केल्यासारखी दिसते, नाहीतर नवे पडदे. कोटेशनमध्ये शिलाई धरली आहे का हे विचारा, बहुतेक वेळा नसते.

दुसरं म्हणजे छत. हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर त्यात स्क्रू धरत नाही, वर प्लायची पट्टी टाकलेली असेल तरच. नसेल तर स्लॅबपर्यंत लांब फास्टनर किंवा भिंतीला ब्रॅकेट. नवीन बिल्डिंग असेल तर भिंती मायवानच्या म्हणजे सगळं काँक्रीट, तिथे साधं ड्रिल रडतं, हॅमर ड्रिल लागतं. ब्लॉकच्या भिंती असतील तर उलट, भोक लोण्यासारखं पडतं आणि स्क्रू पण तसाच निघून येतो, तिथे वेगळे प्लग. दाराच्या वर लिंटल म्हणजे आडवी तुळई असते ती दोन्ही प्रकारच्या बिल्डिंगमध्ये काँक्रीटचीच, जमलं तर तिथेच धरा. आणि हो, दहा फुटी अखंड ट्रॅक तुमच्या लिफ्टमध्ये बसतो का बघा. मी एकदा वाकडला अकराव्या मजल्यावर जिन्याने नेलाय, प्रत्येक वळणावर गजर. आता मी आधी लिफ्टचं माप विचारतो.

पॉईंटचं काय? मोटरच्या टोकाला वर ५ ॲम्पियरचा पॉईंट लागतो. बहुतेक घरांत तो नसतो. भिंत फोडायची गरज नाही, पडदा जिथे गोळा होतो त्याच्यामागून वायर झाकणारी पांढरी केसिंग पट्टी वर नेली की कोणाला दिसत नाही. विजेचा खर्च विचारू नका, ५० वॅटची मोटर दिवसाला चाळीस सेकंद चालली तर वर्षाला युनिटचा पाचवा भाग. गंमत म्हणजे ती नुसती वाट बघत बसलेली असते त्यातच जास्त जातं, एक वॅट धरला तर वर्षाला पावणेनऊ युनिट.

तो पॉईंट इन्व्हर्टरवर घ्या. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते आणि ती नेमकी दुपारी, म्हणजे तुम्हाला पडदा हवा असतो तेव्हाच. राउटर पण इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम, पण तो नसला तरी पडदा हलायला हवा, आणि म्हणूनच मी वर वायफायशिवाय चालणाऱ्या रिमोटचा हट्ट धरला. तो रिमोट रेडिओवर थेट मोटरशी बोलतो, बहुतेकांचा ४३३ मेगाहर्ट्झचा असतो, नेट असो नसो. ॲप तुमच्यासाठी आहे, ऑफिसातून बघायला. आईंसाठी तीन बटणांचा रिमोट, उघड, थांब, बंद. अलेक्सा २०१९ पासून हिंदी समजते, तिला सांगूनही पडदा हलतो, पण माझ्या गिऱ्हाइकांमध्ये सत्तरीपुढच्या लोकांनी पंधरा दिवसांनंतर बोलणं सोडून रिमोटच धरलाय. नातवंडं मात्र दिवसभर अलेक्साला पडदा उघड-बंद करायला लावतात, त्याने मोटर तापून थोडा वेळ आपोआप बंद पडते, घाबरू नका, ती बिघडलेली नसते.

ॲप जोडताना एक हमखास अडचण. या मोटरी २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय घेतात, आणि हल्लीचे राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देतात, मग फोन ५ वर आणि मोटर शोधत बसते. राउटरमध्ये तात्पुरतं ५ बंद करा, जोडून घ्या, परत चालू करा. मायवानच्या भिंतींमधून सिग्नल मार खातो हेही लक्षात ठेवा.

आता उन्हाचं, कारण तुमच्या प्रश्नातला दुसरा अर्धा भाग तो आहे आणि इथे टायमर खरंच कामाला येतो. लोक काय करतात, हॉल तापला की पडदा लावतात. तोवर ऊन काचेतून आत येऊन फरशी आणि सोफा तापवून गेलेलं असतं. पडदा ऊन काचेवर पडायच्या आधी लागला पाहिजे. उन्हाळ्यात पुण्यात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मेच्या मध्याला तर सावली पायाखाली गायब होते, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसं शिरतच नाही, सगळा मारा पूर्वेला सकाळी आणि पश्चिमेला दुपारनंतर. तुमच्यावर बाल्कनीचा स्लॅब असेल तर काचेपर्यंत ऊन यायला अडीच-तीन वाजत असतील. एका रविवारी घड्याळ घेऊन बसा, त्याच्या वीस मिनिटं आधी बंद व्हायची वेळ लावा. संध्याकाळी उघडायची वेळ मात्र घड्याळाने लावू नका, 'सूर्यास्त' असा पर्याय ॲपमध्ये असतो तो घ्या. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला, सव्वा तासाचा फरक आहे, नाहीतर दर दोन महिन्यांनी वेळा बदलत बसाल.

पण एक खरं सांगतो, आतला पडदा कितीही भारी असला तरी उष्णता काचेच्या आत आलेलीच असते. अस्तर पांढरं आणि काचेकडे तोंड करून हवं, म्हणजे थोडं ऊन परत बाहेर जातं. गडद अस्तर स्वतः तापतं आणि हॉललाच शेकतं. त्यापेक्षा बाल्कनीत बाहेरून बांबूची चिक किंवा उन्हाळ्यापुरता वाळ्याचा पडदा लावलात तर फरक जास्त पडेल. सोसायटीची परवानगी लागते का तेवढं विचारून घ्या.

पावसाळ्यात टायमर बंद ठेवा किंवा दाराला सेन्सर लावा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडूनच येतो, स्लायडिंग अर्धी उघडी असली की पडदा फुगून बाल्कनीत जातो, ठरल्या वेळी मोटर ओढायला लागते आणि कापड दाराच्या हँडलमध्ये अडकतं. माझ्याच एका कामात असं होऊन पुढचा रनर तुटला होता, आणि चूक माझी, मी सेन्सर सुचवलाच नव्हता. दाराचा छोटा चुंबकाचा सेन्सर येतो, दार बंद असेल तरच पडदा हलेल अशी अट घालता येते.

मागे झिरझिरीत पडदा असेल तर त्याला मोटर लावू नका. तो दिवसभर लागलेलाच असतो, वर्षातून हलतो तो दिवाळीला धुवायला. दुकानदार डबल मोटर म्हणेल, नको म्हणा, साधा ट्रॅक पुरतो. बेडरूमचंही आत्ता नको. तिथे आईंना दुपारी काही अडत नाही, खिडक्या लहान आहेत, आणि हॉलचा एक ट्रॅक वर्षभर वापरल्यावर तुम्हालाच कळेल काय हवंय ते. फक्त कधी रंगकाम निघालं तर खिडकीच्या कोपऱ्यात वर पॉईंट काढून ठेवा.

म्हणजे क्रम असा धरा: या रविवारी काटा लावून ओढून बघा, मेण आणि काठी, दोन आठवडे थांबा. नाही भागलं तर फक्त हॉलच्या जाड पडद्याला ट्रॅक, पॉईंट इन्व्हर्टरवर, शिलाई धरून कोटेशन. माप घेताना पाइपपासून नाही, जिथे ट्रॅक बसणार तिथून जमिनीपर्यंत तीन ठिकाणी घ्या, डावीकडे, मधे, उजवीकडे. नव्या बिल्डिंगच्या फरशीला पण अर्धा-पाऊण इंच उतार निघतो आणि सगळ्यात कमी असलेलं माप शिंप्याला द्यायचं.

आणि रिमोटचा भिंतीवरचा होल्डर बसवायला आलेला माणूस सवयीने दाराशेजारी ठोकेल. त्याला थांबवा. आई दुपारी जिथे बसतात तिथे, डाव्या हाताला येईल असा लावून घ्या.